दोन भाकरींचा पाठ

बाईंच्या जाण्यानं गणिताच्या आकाशातला ध्रुवतारा निखळला, असं शोकसभेत एका वक्त्यानं सांगितलं. बाईंनी आयुष्यभर चौथीपर्यंतचंच गणित शिकवलं. तेही मुलांना नव्हे, मुलांना शिकवायला निघालेल्या आमच्यासारख्या घाबरटांना.

सत्तरच्या दशकात कोल्हापूरच्या एका अध्यापक विद्यालयात मी त्यांचा विद्यार्थी होतो. घर हुपरीला, पैंजण घडवण्याचा धंदा. मास्तरकी जमली नाही तर भट्टीपुढं बसायचं, हे वडिलांनी सांगूनच ठेवलं होतं... पावकी-निमकीचे पाढे मला झोपेतही म्हणता यायचे, पण फळ्यावर अपूर्णांक दिसला की घाम फुटायचा. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? मी ठणकावून सांगितलं, चतुर्थांश. तीनापेक्षा चार मोठे. वर्ग हसला.

बाई शांतपणे म्हणाल्या, “हसलेल्यांनी इथं यावं आणि का हसलो ते समजावून सांगावं.” हसणाऱ्यांनी वह्यांत डोकी घातली. मग माझ्याकडं वळून, “काय गुरुजी, भाकरी एकच हाय. भूक लागल्यावर तिघांत बसणार की चौघांत?”

“तिघांत की, बाई.”

“मग गणित येतंय तुम्हाला. भिताय कशाला?”

पहिल्या दिवसापासून त्या आम्हाला गुरुजी म्हणत. ती थट्टा आहे असं आम्हाला बरेच महिने वाटत होतं.

वार्षिक पाठाला बाहेरचे परीक्षक आले. सराव शाळेतली पोरं आमच्याहून मुरलेली. पुठ्ठ्याचं वर्तुळ दिसलं की प्रश्नाआधीच उत्तर देत. माझा पाठ तसाच सुरळीत चालला होता. तेवढ्यात परीक्षकांनी स्वतःच मुलांना विचारलं, “तृतीयांश मोठा की चतुर्थांश?” माझ्या पाठाच्या टाचणात हा प्रश्न नव्हता. पोरं एका सुरात ओरडली, “चतुर्थांश!”

डोळ्यांपुढं भट्टी दिसली... मागच्या बाकावर बाई बसल्या होत्या, जेवायला वेळ न मिळाल्यानं डबा शेजारीच.  त्यांनी फक्त डब्याचं झाकण काढलं. मी दोन सारख्या भाकऱ्या उचलल्या. एक तिघांत वाटायची, दुसरी चौघांत. कोण कुठं बसतंय? चौघांच्या गटात कुणी जाईना. “आमाला न्हाई परवडत, गुरुजी,” एक पोरगं म्हणालं, आणि वर्गाला उत्तर सापडलं. परीक्षकही हसले. माझ्या छातीवरचा दगड त्या क्षणी उतरला, तो पुढं उभ्या नोकरीत परत चढला नाही.

बाई गेल्याचं कळलं तेव्हा वाईट वाटलंच. पण मनात जास्त भरून राहिली ती त्या दिवशीची सुटका. अजूनही ताटात भाकरी मोडताना माझा हात क्षणभर थांबतो. त्या दिवशी पाठ संपल्यावर मी धावत बाईंकडं गेलो, पाया पडलो, आपण मला घडवलंत वगैरे बोलू लागलो. त्यांनी ‘असू दे’ अशी मान हलवली.

पोरांनी दोन्ही भाकऱ्या फस्त केल्या होत्या. बाई नुसता झुणका खात होत्या.