आक्काच्या हातच्या धारा

भूतखेत, करणी, अंगात येणं, असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. वस्तीवर कुणाच्या अंगात आलं की मी पहिली उठून घरी यायचे... भाकरी कोण थापणार? शाळा माझी चौथीपर्यंत, पण कान अजून शाबूत आहेत. ऐकलं ते सांगते. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

इंदापूर तालुक्यात सणसरजवळ आमची वस्ती. कॅनॉलच्या कडेनं ऊस, मध्ये चार घरं. माझ्या आणि सखूआक्काच्या घरात एकच भिंत, छातीएवढी. भिंतीच्या अलीकडं माझी चूल, पलीकडं तिचा गोठा. गोठ्यात एकच म्हैस, चंद्री.

कडबा कापायच्या कुट्टी यंत्रात आक्काच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. त्यामुळं उजव्या हाताची धार भरदार पडायची, डाव्याची बारीक. चर्र... चिर. चर्र... चिर. त्या आवाजावर मी संध्याकाळचा चहा टाकायचे. धार काढून झाली की ती भिंतीवरून हाक मारायची,

"पारे, हायस का मेलीस?"

"तुज्या आधी न्हाय मरत."

तसंच झालं. उन्हाळ्यात तापानं पडली आणि उठलीच नाही. तिचा बाळू बारामतीच्या एमआयडीसीत, दुधाच्या फॅक्टरीत कामाला. मी फोन केला तर म्हणाला, "शिफ्ट हाय मावशी, रविवारी येतो." दारात मोटारसायकल वाजली की आक्का विचारायची, "बाळू आला का गं?" मी नाही म्हणायचे. खोटं कशाला बोलायचं? रविवार उजाडायच्या आधी ती गेली. मग मात्र बाळू बायकोला घेऊन तासाभरात हजर.

आक्का तापात असताना चंद्रीची धार मीच काढत होते. म्हशीला माणसाचा वास लागतो. परका हात लागला की ती पान्हा चोरते. म्हणून मालकिणीचं लुगडं अंगावर घ्यायचं, पदरानं तोंड झाकायचं आणि गप बसायचं. आमच्याकडं सगळे असंच करतात. आक्काचं वापरातलं लुगडं नेसून बसले की चंद्री मला आक्काच समजायची.

राख सावडली त्या दिवशी सुरेखानं, म्हणजे बाळूच्या बायकोनं, आक्काच्या सगळ्या लुगड्यांचं गाठोडं बांधून कॅनॉलात सोडलं. संध्याकाळी धारेला गेले तेव्हा मला कळलं.

"अगं, एक तरी ठेवायचंस! म्हस पिळायची कशी आता?"

"आजारी माणसाची कापडं घरात कशाला, मावशी? वास मारत हुती."

"वासच पायजे हुता, भवाने!"

बाळू ओट्यावर फोन लावून बसला होता. म्हणाला, "जाऊ द्या मावशी. सकाळी व्यापारी येतोय, टाकतो काढून. आजच्या दिवस पान्ह्याचं इंजेक्शन मारू."

"फॅक्टरीत दुधाच्या नद्या बघतोस आन घरच्या म्हशीला सुई मारतोस? आईच्या राखंला अजून पाणी न्हाय लागलं तुज्या."

तो फोनकडंच बघत राहिला.

माझ्याच लुगड्यात बसले. चंद्रीची कास दगडासारखी झाली होती. हात लावला तशी तिनं लाथ घातली. बादली तिकडं, मी इकडं. कंबर धरून उठले. ती मान भिंतीला घासत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं. दूध तसंच राहिलं असतं तर कास नासली असती. मग व्यापाऱ्यानंही तिला दुभती म्हणून घेतलं नसतं. कुठं नेली असती ते मला माहीत आहे.

बादली तिथंच टाकून घरी आले. दिवस अजून मावळला नव्हता. सवयीनं चहा टाकला. साखर घालत होते आणि... चर्र. चिर. चर्र. चिर.

आधी मला काहीच वाटलं नाही. इतक्या वर्षांचा आवाज. कपसुद्धा दोन काढले. दुसरा कप हातात राहिला तेव्हा कळलं.

भिंतीवरून वाकून बघितलं. गोठ्यात कुणी नव्हतं. चंद्री पाय फाकवून शांत उभी, कान मागं टाकून रवंथ करत होती. बादली तिच्या कासेखाली सरळ ठेवलेली, फेसानं भरलेली. ती मी आडवी सोडून आले होते. कास पार मोकळी, सैल.

बाळू गोठ्याच्या दारात उभा होता. फोन खाली पडला होता.

"मावशी... तुमी व्हता का आत?"

"मी हितं हाय. भिंतीअलीकडं."

"मग आवाज कुनाचा आला?"

"तुला म्हायती हाय कुनाचा. लहानपणी तितंच मांडीला मांडी लावून बसायचास, तोंडात धार घ्यायला."

सुरेखा आतून आली, तिनं बघितलं. तिनंही ऐकलं होतं, पण आजपर्यंत कबूल करत नाही. मला वाटलं, आता तरी हा रडेल. निदान म्हैस ठेवेल. त्यानं बादली उचलली आणि भिंतीच्या कडेनं उकिरड्याकडं निघाला.

"काय करतोस रं?"

"हे दूध घरात नको."

जन्मभर त्याच हातचं दूध प्याला, बारामतीला किटली भरून नेलं, आणि त्या दिवशी घाबरला. मी भिंतीवरून हात घालून बादली ओढून घेतली. घरी आणली, दूध तापवलं, एक पेला प्याले. रोजच्यासारखंच दूध होतं. गोडही नाही, कडूही नाही.

सकाळी पिकअप आली. चंद्री चढेना, चौघांनी ढकलली. गाडी निघाली तरी ती मागं भिंतीकडं बघत होती.

लोक म्हणतात, तुझे कान वाजले असतील. मग बादली कुणी भरली? गुरांच्या डॉक्टरला विचारलं तर म्हणाला, पान्हा आपोआप गळतो कधीकधी. गळत असेल. गळलेलं दूध आडवी बादली सरळ करतं का?

पण मला डाचतं ते वेगळंच. आली असेल, तर ती म्हशीसाठी आली. भिंतीअलीकडं मी दोन कप घेऊन उभी होते. धार संपली, फेस जिरला, मी किती वेळ थांबले... तिनं हाक मारली नाही.