केळी, गोडं पाणी आणि भावाचं डोकं

माझ्या थोरल्या भावाच्या कपाळावरची खोक कुणी विचारली, तर तो पडलो म्हणून सांगतो. पडलाबिडला काही नाही. त्याला हंड्याने मारलं. मी तिथेच होतो. माझा दात त्याने नुकताच पाडला होता.

जळगावच्या पूर्वेला, खारपाण पट्ट्यात, आम्हा दोघांचं केळीचं शीतगृह आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. शीतगृहाचं यंत्र आतली उष्णता उपसून बाहेर फेकतं. ती फुकट का जाऊ द्यायची, म्हणून मी यंत्रातल्या तापलेल्या गॅसच्या नळ्या खाऱ्या पाण्याच्या बंद टाकीतून फिरवल्या. टाकीतली हवा पंपाने ओढली की पाणी कोमट असतानाच उकळतं. वाफ निवली की गोडं पाणी. पंपापुरती वीज, बाकी सगळं फुकट. वस्तीतल्या बाया हंडे घेऊन यायला लागल्या आणि माझा रुबाब वाढला.

मग पाणी पुरेना. गॅस जास्त तापला तर पाणी जास्त, म्हणून मी तो गॅस निववणारे बाहेरचे पंखे बंद केले. पाणी वाढलं. पण यंत्र धापा टाकायला लागलं, वीज ढोसायला लागलं आणि थंड खोली तापली. आत दिल्लीला जायची हिरवी केळी होती. गाडी दुपारी येणार. एक फणी पिवळी पडली की शेजारच्याही पिकतात, आणि व्यापारी अख्खा माल नाकारतो.

भाऊ पिवळी फणी घेऊन बाहेर आला.

“हे काय?”

“केळी.”

दात तेव्हा पडला. मी रिकामी क्रेट त्याच्या बरगड्यांवर फोडली. त्याने माझं डोकं भिंतीवर आपटलं, मोठा पाना उचलला आणि टाकीचा नळ एका घावात उडवला. गोडं पाणी चिखलात गेलं. हंडे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायांतल्या पहिल्या, अक्का, शांतपणे पुढे आल्या.

“भाऊ, लई तापले तुमी,” म्हणाल्या, आणि पितळी हंडा त्याच्या कपाळावर घातला.

रक्त डोळ्यांत उतरत असतानाच त्याने पंखे चालू केले आणि तो थंड खोलीच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. “मारा. पन माल गेला तं शीतगृह बंद, मंग पानी कुठून आनशाल?”

बायांचे उगारलेले हंडे थांबले. अक्कांनी पदर खोचला. “सरका. पिवळ्या फण्या येचू द्या.”

बायांनी पिकलेल्या फण्या वेचल्या आणि पदरात घातल्या. गाडी आली तेव्हा व्यापाऱ्याच्या माणसाने हिरवा माल बघितला, आमची तोंडं बघितली, आणि काही न विचारता भरून घेतला.

मी नळ बसवला. अक्का हंडा लावून बसल्या. थेंब नाही.

“खोली रिकामी आहे,” मी बोबड्या तोंडाने सांगितलं. “थंड करायला काही नाही, म्हणून गरम करायलाही काही नाही.”

अक्कांनी भावाकडे पाहिलं. भावाने डोक्याचा रुमाल एका हाताने दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने बागायतदारांना फोन लावायला सुरुवात केली.

“कापणी लावा. आजच. कोवळी असली तरी चालतील.”