साळवेताईंचे चार बाक

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दौंडच्या स्टँडवर होते. खरं सांगते, आधी रडू नाही आलं, राग आला...

शिरूरच्या एका नर्सिंग कॉलेजात त्या नर्सिंग शिकवायच्या, मी इंग्रजी. त्यांच्या वर्गात चार-चार बाक एकमेकांना भिडवलेले असत. प्रत्येक पोरीनं धड्याचा एक भाग शिकायचा आणि उरलेल्या तिघींना शिकवायचा. मग ताई चौघींतल्या कुणाही एकीला उठवणार आणि तिच्या उत्तराचे मार्क चौघींना देणार. हुशार पोरी धुसफुसायच्या, पण कच्चीला मागं टाकून पुढं जायची सोयच नव्हती. शेवटी एका पहिल्या नंबरवालीचे वडील, यवतचं बडं प्रस्थ, संचालकांपुढं येऊन बसले. आमच्या पोरीनं दुसरीचं ओझं का वाहायचं, म्हणून. ताई एवढंच म्हणाल्या, "आप्पा, पेशंटच्या वाट्याला पहिला नंबर येईलच असं न्हाई. जी ड्युटीवर असंल, तीच येती." पालथ्या घड्यावर पाणी! आठवडाभरात बाक ओळीनं लावून नट-बोल्टांनी फरशीला आवळले, आणि ताईंना बसवलं लायब्ररीत. अशी बाई पुस्तकांवरची धूळ झटकत निवृत्त झाली. मला आजही ते पचत नाही.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. हृदय थकलेलं, ताई सपाट झोपलेल्या, श्वास पुरत नव्हता. जवळ आमच्याच कॉलेजची तिसऱ्या वर्षाची पोरगी, पोस्टिंगवर आलेली, नुसती हात चोळत उभी. मी ओरडले तशी रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, हा धडा मी परीक्षेला ऑप्शनला टाकला होता..." ताईंनीच धापा टाकत तिला सांगितलं, डोकं उंच कर, पाठीशी उशा लाव, सिस्टरला हाक मार. पोरीनं तसं केलं. श्वास जरा सावरल्यावर ताई तिला म्हणाल्या, "आता जा, बाकीच्या पोरींना शिकीव." चारच दिवसांत गेल्या.

शोकसभा त्याच वर्गात झाली. संचालकांनी गळा काढला, सहकार्य म्हणे ताईंच्या रक्तातच होतं. जिभेला काही हाड नसतं! पुढच्या बाकावर तीच पोरगी बसली होती. बाक हलेना, म्हणून कंबरेत वळून मागच्या दोघींना हातानं दाखवत होती... डोकं किती उंच, उशी कुठं.

संचालक बोलता बोलता थांबले.

"ए, समोर बघा."