पांढऱ्या लेबलची रेकॉर्ड

झेरॉक्सताईच्या दुकानात दोन प्रकारची माणसं येत. एक, ज्यांना प्रती हव्या असत: अर्ज, दाखले, भाडेकरार, हरवलेल्या मांजराचा फोटो. दुसरी, ज्यांना काहीच नको असायचं, उलट तीच काहीतरी ठेवून जायची. काळे बूट, पाठीवर ब्रशने काहीबाही लिहिलेली जाकिटं, आणि हातात एखादी कॅसेट नाहीतर छोटी रेकॉर्ड. "ताई, नवीन आहे. वेळ मिळाला तर ऐक," असं म्हणून ती वस्तू काउंटरवरून पुढे सरकवायची आणि मागे वळून न बघता निघून जायची. सगळी धडधड त्या न बघण्यातच असायची.

कारण दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी याच दुकानातून ‘बोंब’ नावाचा अंक निघत असे. आठ पानं, मधोमध दुमडलेली, दोन पिना मारलेली. शहरातले पंक बँड, म्हणजे दोन मिनिटांत संपणारी, जोरात आणि रागात वाजवायची गाणी करणारी मंडळी, आपापल्या हिमतीवर जे काही काढत, त्याची खबर पान सहावर ‘नवी आवक’ या मथळ्याखाली यायची. ते पान झेरॉक्सताई एकटी लिहायची. "गिटार सुरात नाही, आणि तेच बरं आहे." "दुसरं गाणं पहिलंच आहे, फक्त जास्त चिडलेलं." असली वाक्यं लोक पाठ करायचे. ज्यांच्याबद्दल लिहिलेली असत, ते तर आधी.

दिवसभर टोनरने काळी झालेली बोटं, कानामागे पेन्सिल, वय एक्केचाळीस. पण झेरॉक्सताईचा कान तिखट आहे, हे सगळे मानत. आता तिच्याकडे तेवढंच उरलं होतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ड्रमही होते.

बँडचं नाव ‘चटका’. नाव झेरॉक्सताईनेच ठेवलेलं. ती ड्रमवर, धाकटी बहीण गिटार घेऊन गायला, आणि बास गिटार वाजवायला धाकटीची मैत्रीण, जी दवाखान्यात नर्स होती. नऊ वर्षं तिघींनी तळघरं आणि गोदामं हादरवली. मग एका सकाळी धाकटी पोस्टरच्या प्रती काढायला दुकानात आली आणि काचेवर कागद सरळ करता करता, मान वर न करता म्हणाली, "ताई, तू ताल मागे ओढतेस गं. आम्ही पुढे निघून जातो आणि तू मागेच."

झेरॉक्सताईने विचारलं, "किती प्रती?"

"पन्नास."

झालं. एवढ्यावर नऊ वर्षं आटपली.

तिच्या जागी आली ती स्प्रिंग. सव्वीस वर्षांची, लहान मुलांना पोहायला शिकवायची, बसली तरी उडत असल्यासारखी दिसायची. तिचा धड रागही करता येत नव्हता, हे आणखी वाईट. दुकानासमोरून जाताना ती न चुकता हात हलवायची, "ताई, कशा आहात?" असं विचारायची. झेरॉक्सताई हातातला कागद वर करून दाखवायची, म्हणजे कामात आहे.

एक समाधान होतं. तेव्हापासून चटक्याने काही काढलं नव्हतं. दर महिन्याला झेरॉक्सताई आवक चाळायची, त्यात चटक्याचं नाव नसायचं, आणि त्या दिवशी तिला चहा जरा जास्त गोड लागायचा.

मग एका सोमवारी धाकटीने काउंटरवर छोटी रेकॉर्ड ठेवली. कव्हर करड्या पुठ्ठ्याचं, त्यावर हाताने उमटवलेला शिक्का. आत रेकॉर्डच्या मधलं लेबल कोरं पांढरं. छापायला वेळच मिळाला नाही, धाकटी सांगत होती, शनिवारी दुपारी टायरवाल्याच्या तळघरात कार्यक्रम आहे, तिथेच ती सगळ्यांसमोर आणायची.

"लिहिशील ना?"

"न लिहायला काय झालं? सगळ्यांचंच लिहिते."

दुपारी शटर अर्धं ओढून ती मागच्या खोलीत गेली. कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये तिचा जुना प्लेअर होता. रेकॉर्ड दोन वेगांनी फिरतात. मोठी सावकाश, मिनिटाला तेहतीस वेळा. छोटी भराभर, पंचेचाळीस. पण पंकवाल्यांना नियम पाळला की चैन पडत नाही, आणि जास्त गाणी बसावीत म्हणून कोणी कोणी छोटी रेकॉर्डही तेहतीसवर काढतं. म्हणून लेबलवर आकडा लिहायची पद्धत. या लेबलवर आकडा नव्हता. प्लेअरचा खटका सकाळच्या मोठ्या रेकॉर्डनंतर तेहतीसवरच राहिला होता. एरवी सुई ठेवण्याआधी झेरॉक्सताईचं बोट आपोआप त्या खटक्याकडे जायचं. त्या दुपारी गेलं नाही. तिला घाई होती, ती रेकॉर्ड वाईट निघाली हे ऐकायची.

आणि वाईट काही निघेना.

पहिला ठोका पडला तो कोणीतरी भरलेलं कपाट सरकवावं तसा. मग दुसरा, चांगला दम घेऊन. गिटार गुरगुरत, अंग टाकत येत होती. आणि आवाज. नऊ वर्षं ती धाकटीच्या मागे लागली होती, किंचाळू नकोस, पोटातून गा, खाली ये. धाकटी कधी आली नाही. आता आली होती. असा जड, खोल आवाज की झेरॉक्सताईच्या हातावर काटा उभा राहिला, आणि त्या काट्याचाच तिला राग आला.

डबा घेऊन आलेली आई दारातच थबकली. "हे कोण गातंय? आवाज तुझ्या बाबांसारखा वाटतोय."

"धाकटी आहे, आई."

"सर्दी झालीय का तिला?"

"गायला शिकलीय," झेरॉक्सताई म्हणाली, आणि हे बोलताना तिचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं.

तिने रेकॉर्ड चार वेळा ऐकली. दर खेपेला तिच्या जिवाची आणखी तगमग झाली. कारण हा वेग तिचा होता. ज्या संथपणापायी तिला घरी बसवलं, तोच संथपणा उचलून त्या उडणाऱ्या पोरीच्या हातात दिला होता, आणि ती पोरगी तो वाजवत होती. नुसती वाजवत नव्हती, झक्क वाजवत होती. ताई मागे ओढते. आणि स्प्रिंगने ओढलं की कला. डबा तसाच राहिला. आईने दोनदा विचारलं, मग स्वतःच झाकण लावलं आणि जाता जाता म्हणाली, की बहिणीचं गाणं ऐकून उपाशी राहिलेलं माणूस आपण पहिल्यांदाच पाहिलं.

लिहायला बसली तेव्हा पहिला कागद नुसत्या शिव्यांचा झाला. दुसऱ्यात तिने रेकॉर्डला नावं ठेवायचा प्रयत्न केला, पण खोटं लिहायला हात वळेना. पान सहावर तिने कधी खोटं लिहिलं नव्हतं. शेवटी खरं तेच लिहिलं, वर विष लावून:

‘चटक्याने आजवर काढलेल्यात हे सर्वांत चांगलं. पोटातून आलेला आवाज. न घाबरता हळू वाजणारे ड्रम. ज्या संथपणापायी या बँडने एकीला बाहेर काढलं, तोच आता दुसरीकडून वाजवून घेतला आहे. वाजतो उत्तम. चोरला कुठून, ते चोराला विचारावं.’

शुक्रवारी एकशे वीस प्रती निघाल्या. दुमडताना तिला हलकं वाटत होतं.

शनिवारी ती खोकं घेऊन तळघरात पोचली तेव्हा माणसं अजून जिन्यावरच रांगेत होती. धाकटी गिटारच्या तारा लावत होती. झेरॉक्सताईने सगळ्यात वरचा अंक तिच्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. तिला धाकटीचा चेहरा बघायचा होता. त्यासाठीच तर आली होती.

धाकटीने उभ्याउभ्या वाचलं. परत वाचलं. कपाळावर आधी एक आठी आली, ती विरली, मग तिने बहिणीकडे असं पाहिलं जसं ताप आलेल्या मुलाकडे बघतात.

"ताई, कुठल्या वेगावर ऐकलीस तू?"

"म्हणजे?"

"तेहतीस का पंचेचाळीस?"

प्लेअरचा तो खटका झेरॉक्सताईच्या डोळ्यांसमोर आला, डावीकडे कललेला, जिथे तो असायला नको होता.

"पंचेचाळीसची आहे गं ती," धाकटी हळूच म्हणाली. "तेहतीसवर लावली की कोणाचाही आवाज जड आणि खोलच येणार."

आता ही हसणार, म्हणून झेरॉक्सताईने मान ताठ केली. पण धाकटी हसली नाही. अंकावर बोट ठेवून म्हणाली, "‘पोटातून आलेला आवाज.’ इतक्या वर्षांत माझ्या गाण्याला तू पहिल्यांदा बरं म्हटलंस. आणि ते गाणं माझं नाहीच."

वर जिन्यावर बुटांचा आवाज वाढत होता.

"कोणाकोणाला वाटलेस?" धाकटीने विचारलं.

"तुलाच पहिला."

"मग ते पान काढून टाक. मधलं आहे, पिना उचकटल्या की निघेल. मी कुठे बोलणार नाही. आईलाही नाही."

खरं तर इथे हात जोडून मोकळं व्हायला हवं होतं. पान फाडलं असतं तर झेरॉक्सताईचा कान तिखटचा तिखट राहिला असता, आणि या पोरांमध्ये तिची पत राहिली असती. पण ती पत आता धाकटीने दिलेली असती. दर शनिवारी, दर तळघरात, धाकटी गप्प बसून तिच्यावर उपकार करत राहिली असती. त्यापेक्षा फजिती परवडली. झेरॉक्सताईने खोकं उचललं, जिन्याच्या तोंडाशी गेली आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक अंक ठेवत सुटली. रेकॉर्ड विकायला बसलेल्या नर्सबाईने तर येईल त्याला सांगायला सुरुवात केली होती, पंचेचाळीसवर लावा हं, लेबलवर लिहायचं राहून गेलंय.

हसू एका कोपऱ्यात फुटलं आणि भिंतीभिंतीने फिरत सगळीकडे गेलं. बस चालवणारा, डोकं तुळतुळीत केलेला एक जुना मित्र येऊन सांगून गेला, की ताई, आता एकदा उलटी फिरवून बघ, कदाचित आणखी आवडेल. झेरॉक्सताई म्हणाली, "तुझ्या बँडची तशीच ऐकली होती मी." तेवढ्यापुरतं तिने त्याला गार केलं. पण कान लाल झाले होते.

कार्यक्रम सुरू झाला. चार गाणी भर्रकन गेली, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "तेहतीसवर वाजवा."

मग दहा जण ओरडले. धाकटी माइकपाशी आली. ताईकडे न बघता म्हणाली, "आमच्या ताईने आमचंच एक गाणं आमच्याआधी ऐकलंय. बघू, आम्हाला ऐकू येतं का."

स्प्रिंगने हसत सुरुवात केली आणि सहाव्या ठोक्याला पळाली. थांबली. पुन्हा सुरुवात, पुन्हा पळाली. हळू वाजवायचं म्हणजे दोन ठोक्यांमधल्या रिकाम्या जागेत न घाबरता उभं राहायचं, आणि स्प्रिंगला ती जागा दिसली रे दिसली की ती वरून उडी मारायची. लोक हसत होते. झेरॉक्सताईला कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

तिसऱ्यांदा मात्र स्प्रिंगने हात वर धरून समोरच्या गर्दीत कोणाला तरी शोधलं, आणि नजर थांबली ती झेरॉक्सताईच्या बुटावर. बूट संथ तालात जमिनीवर पडत होता. कधीपासून, ते त्याच्या मालकिणीलाही माहीत नव्हतं. स्प्रिंगने त्या बुटावर डोळे रोवले आणि पहिला ठोका दिला.

गाणं चालायला लागलं. जड पावलांनी, दम घेत. धाकटी सवयीने वरच्या पट्टीत गेली, आवाज अधांतरी लोंबला, मग तिला खाली यावंच लागलं. हसणं थांबलं.

दुसरं कडवं संपत आलं तेव्हा झेरॉक्सताईच्या मनात आलं, पाय थांबवला तर? बस, टाच उचलून धरायची. स्प्रिंग पळेल, सगळं कोसळेल, लोकांना खूप मजा येईल, आणि धाकटीला कळेल की कोणावाचून अडतं ते. टाच उचलायला कसले कष्ट.

पण जे तिने चार वेळा ऐकलं होतं ते रेकॉर्डवर नव्हतंच, कुठेच नव्हतं. ते पहिल्यांदा आत्ता वाजत होतं. तिला शेवट ऐकायचा होता. पाय पडत राहिला.

टाळ्या झाल्या त्या स्प्रिंगच्या नावाने. स्प्रिंगने स्टुलावर उभं राहून वाकून दाखवलं. झेरॉक्सताईने मोजून तीन टाळ्या वाजवल्या आणि हात खिशात घातले.

गर्दी ओसरल्यावर धाकटी वायर गुंडाळत जवळ आली.

"हे गाणं आता असंच ठेवायचं ठरलंय."

"कोणी ठरवलं?"

"आत्ता. मी." वायर दोनदा गुंडाळून झाली तरी ती गुंडाळतच होती. "तू मागे ओढायचीस हे खोटं नव्हतं ताई. पण लोक तुझ्याकडे बघायचे. मी पुढे उभी राहून घसा फोडायचे, आणि लोक माझ्या खांद्यावरून तुझ्याकडे बघायचे."

झेरॉक्सताईने हे ऐकलं, आणि खरं सांगायचं तर तिच्या आत कुठेतरी चहा जरा जास्त गोड लागला. "मंगळवारच्या तालमीला येऊन बसते," ती म्हणाली. "नुसती."

"तोंड न उघडता?"

"ते मी म्हटलं नाही."

मागे ड्रमचे पट्टे आवळणारी स्प्रिंग लगेच उडत आली. "ताई, मला शिकवाल तुम्ही?"

"नाही," झेरॉक्सताई पटकन म्हणाली. मग धाकटीचे डोळे बघून पुढे म्हणाली, "बूट दिसेल अशी बसते. दिसेल तेवढं घे."

तिघी जिना चढायला लागल्या. पुढे झेरॉक्सताई, मागे ड्रम घेऊन स्प्रिंग, शेवटी धाकटी. चारपाच पायऱ्या झाल्या आणि झेरॉक्सताईच्या कानाने टिपलं: मागची पावलं आता उड्या मारत नव्हती. तिच्या पावलावर पाऊल, जड, दम घेत. पोरगी आत्ताच घ्यायला लागली होती.

झेरॉक्सताईने कठडा धरला आणि उरलेल्या पायऱ्या दोन-दोन करत धावत चढून गेली.