सरांच्या फाइली

रिसोडला आमच्या सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. रिठदहून एसटीने येऊन मी तिथेच जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो. पुण्यात काही वर्षं नोकरी करून परत आलो, तोवर क्लास ओस पडला होता. मग शिरपूरला येणाऱ्या जैन यात्रेकरूंच्या जेवणाची आगाऊ नोंद घेणारं अ‍ॅप आम्ही दोघांनी मिळून करायला घेतलं. सरांचा सगळा जीव त्यातच होता.

मी कोटलिन या नव्या भाषेत लिहायचो. सरांनी ती भाषा थोडी चाळून पाहिली आणि चष्मा काढून म्हणाले, "तुले जमते त्यात तू लिही, मले जमते त्यात मी." दोन्ही भाषा एका अ‍ॅपमध्ये नांदतात, हे खरंच आहे. नोंदणीचा भाग सरांच्या जावात राहिला, ती नोंद धर्मशाळेच्या स्वयंपाकघराकडे पाठवायचा माझ्या कोटलिनमध्ये.

कोटलिन न भरलेल्या, रिकाम्या जागेच्या बाबतीत भारी कडक. पण जावाकडून आलेलं मात्र निमूट घेते, झडती घेत नाही. मीही तसाच. सरांचं लिहिलेलं तपासावं, हे आमच्याकडे कुणाच्या मनातही येत नाही.

एका कुटुंबाने पोहोचायची वेळ भरली नाही. 'नोंद करा' दाबलं, ती रिकामी जागा जावातून माझ्या कोटलिनमध्ये आली आणि अ‍ॅप बंद झालं. त्यांना वाटलं, काम झालं. धर्मशाळेत निरोप गेलाच नाही. ते उतरले तेव्हा दिवस कलला होता. खिचडी शिजेपर्यंत सूर्य मावळला, आणि त्यानंतर ती माणसं पाणीसुद्धा घेत नाहीत. फोन आला म्हणून आम्ही पोचलो, तर त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी सरांना समजावत होतो, की चूक दोन भाषांच्या मधली आहे, एका ओळीत दुरुस्त होईल. त्यांनी ऐकून घेतलं.

"माह्या साऱ्या फाइली तुह्या भाषेत करून टाक," ते म्हणाले.

जावाची फाइल कोटलिनमध्ये बदलायला नुसतं एक बटण दाबावं लागतं. सर शेजारी बसून बघत होते. शेवटची फाइल बदलल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली, बराच वेळ स्क्रीन न्याहाळली.

"हे मीच लिवलं होतं ना?" त्यांनी विचारलं. "मले वाचता नाई येऊन राह्यलं."

अ‍ॅप आता बंद पडत नाही. सर येतात, चहा घेतात, खुर्ची थोडी लांब ठेवून बसतात. एका ओळीत भागलं असतं, हे मला अजून सलतं.