उत्तरेच्या तळ्यातला नारळ

गेल्या मार्चपासून माझा देवाशी अबोला होता. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. यांना साधा ताप आला, खाणं गेलं, त्या गडबडीत इन्सुलिन चुकलं, आणि एका रात्रीत हा माणूस मला ओळखेनासा झाला. आयसीयूबाहेरच्या खुर्चीत बसून मी इतकं नामस्मरण केलं की जीभ कोरडी पडली. हे वाचले. कुणीही म्हणेल, देवानं ऐकलं. माझं मात्र उलटंच झालं. एवढी वर्षं नेमानं सगळं केलं, तरी ही वेळ का आणलीस, असा राग मनात धरून बसले. दिवा लावायचे, पण तोंड फुगवून. यांच्या सुया, गोळ्या, भात किती, पोळ्या किती, सगळा कारभार मी स्वतःकडे घेतला. आता तुझ्यावर काही सोडत नाही, असं देवाला बजावलंच होतं म्हणा ना.

अशात ऑगस्ट उजाडला आणि यांनी जाहीर केलं की दरवर्षीप्रमाणे उत्तरेला मासे धरायला जायचं. यांचं बालपण रेवदंड्याच्या किनाऱ्यावर गेलेलं. कॅनडात येऊन इंजिनिअरची नोकरी केली, रिटायर झाले, पण पाणी दिसलं की गळ टाकायचाच. हॅलिफॅक्सहून मुलानं फोनवर इंग्रजीत झाप झाप झापलं. डॉक्टरांनी मात्र, औषध वेळेवर घ्या आणि खुशाल जा, असं सांगून यांची बाजू घेतली. झालं! व्हिटबीच्या आमच्या घरून निघालो तेव्हा गाडीच्या टपावर छोटी होडी, मागे तंबू, आणि पिशवीत एक नारळ. नारळी पौर्णिमेला पाण्याला नारळ दिल्याशिवाय यांच्या घरी कुणी गळाला हात लावत नसे, म्हणून हे तो आठवणीनं घेतात.

दोन दिवस नुसतं जंगल. शेवटचं गाव मागे पडलं, डांबर संपलं, फोनचं नेटवर्क गेलं. झाडी संपली की तळं, तळं संपलं की पुन्हा झाडी, आणि वर एवढं मोठं आभाळ की माझ्यासारख्या बडबड्या बाईलाही काय बोलावं सुचेना. एका तळ्याकाठी तंबू ठोकला. तळं कसलं, पलीकडचा काठ जेमतेम दिसत होता. मुलाला सांगून ठेवलं होतं की रविवारपर्यंत आमचा फोन लागणार नाही. म्हणजे रविवारच्या आत आम्हाला कुणी शोधणारही नव्हतं.

पौर्णिमेच्या सकाळी हे इतके हरखले की नारळ बाजूलाच राहिला आणि गळ आधी पाण्यात पडला. चांगला दोन वितींचा मासा लागला. दुपारी तळ्याच्या मधल्या बेटावर उतरून, रवा लावून तो तळायचा, असं ठरलं. मी डबे काढत होते, हे चूल मांडत होते. होडी यांनी खडकावर जेमतेम ओढून ठेवली होती. वारा वाढला, लाटा आल्या, आणि मान वर करून बघते तो होडी पश्चिमेकडे निघालेली. हे गुडघाभर पाण्यात धावले, पण ती केव्हाच हाताबाहेर गेली होती. मी यांना आधी ओरडणार होते. तेवढ्यात इन्सुलिनची आठवण झाली. गार राहावं म्हणून ते शेवटी कूलरमधून काढायचं ठेवलं होतं. ते गाडीतच राहिलं होतं.

बघा आता. चिवडा, लाडू, थालीपीठं, शंकरपाळे, एखादं लग्न निघालं असतं एवढं खाणं मी बेटावर आणलं होतं. आणि त्यातला घास यांना द्यायची मला भीती वाटत होती. खाल्लं की साखर चढणार, आणि उतरवायला जवळ काही नाही. आम्ही हाका मारल्या, मोठी शेकोटी केली. पण त्या मुलखात कॅम्पिंगवाल्यांचा धूर कोण मनावर घेतो? संध्याकाळपर्यंत हे सारखं पाणी पीत होते. मार्चमध्येही असंच सुरू झालं होतं. ते मला ठाऊक होतं, यांनाही ठाऊक होतं.

मग पूर्वेला चंद्र वर आला. असा चंद्र मी जन्मात पाहिला नाही. तांबूस, प्रचंड, आणि त्याच्यापासून आमच्या पायांपर्यंत पाण्यावर उजेडाची वाट. लून नावाच्या पाणपक्ष्यानं लांबून हाक दिली. हे खडकाला टेकून बसले होते. म्हणाले, "अगं, तो नारळ राहिलाय."

माझा भडका उडाला. इथे जिवाशी आलंय आणि यांना नारळ! पण खाण्याच्या पिशवीतून तो नारळ काढला, पर्समधल्या कुंकवाचं बोट त्याला ओढलं आणि पाण्यात उतरले. हात जोडले नाहीत. मनात देवाला म्हटलं, मी सगळं सांभाळलं, तरी हेच करायचं होतं ना तुला? घे हा नारळ, आणि यांचं काय करायचं ते तूच कर, मी दमले. नारळ सोडला आणि रडू कोसळलं. दुपारनंतर वारा उलट फिरला होता. नारळ हळूहळू चंद्राच्या वाटेनं निघाला आणि दिसेनासा झाला. विचित्र म्हणजे, त्यानंतर मला झोप लागली.

सकाळी यांना उलट्या सुरू झाल्या. हाक मारली की डोळे उघडत, पुन्हा मिटत. मी यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हा मोटारबोटीचा आवाज आला. बोटीत एकटीच म्हातारी बाई होती, पांढऱ्या वेणीची, तिथल्या मूळ लोकांपैकी. तिच्या पायाशी आमचा नारळ होता, कुंकवासकट.

ती तळ्याच्या पूर्व टोकाला राहायची. पहाटे जाळं काढायला गेली, तर जाळ्याला हा टेकलेला. इंग्रजीत शांतपणे म्हणाली, "या तळ्यातून मी पुष्कळ काही काढलंय, नारळ कधी नाही. लाल रंग लावलेला दिसला. वाटलं, कुणीतरी मुद्दाम पाठवलाय. मग वारा जिकडून येत होता, तिकडे आले."

दोघींनी मिळून यांना बोटीत घेतलं. गाडीतलं इन्सुलिन दिलं. गावच्या छोट्या हॉस्पिटलपर्यंत गाडी तिनंच चालवली, मी मागे यांचं डोकं धरून बसले. अजून उशीर झाला असता तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं. त्या बाईला काय द्यावं मला कळेना. मी वाकून तिच्या पाया पडले. तिला ते समजलं नसावं, पण तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

यात चमत्कार होता का, मला विचारू नका. वारा फिरतो, नारळ तरंगतो, हे मलाही कळतं. पण दुसऱ्या दिवशी हे शुद्धीवर येऊन उशीला टेकून बसले, तेव्हा विचारू लागले, "नारळ सोडताना काय मागितलंस?"

"मागितलं काहीच नाही," मी म्हटलं. "भांडले."

हे हसले. "मग भांडण पोचलं म्हणायचं."

यांच्यासमोर मी हसले आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन पोटभर रडले. आयुष्यभर मला वाटायचं की देवाला द्यायचं ते मन शुद्ध करून, हात जोडून, गोड बोलून द्यावं लागतं. मी तर दमून, रागावून, पाठ फिरवून दिलं होतं. त्यानं तेही घेतलं.