ठासोबाच्या चार खुर्च्या

आमच्या ह्यांना एका जागी बसायला सांगा आणि गंमत बघा. टेकले न टेकले की उठलेच. दाराची कडी सैल आहे, नळ ठिबकतोय, कपाट भिंतीपासून दोन बोटं पुढे आलंय, काहीही कारण पुरतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, कंबरेला पट्टा लागला, तरी पायाची भिंगरी काही थांबत नाही. आणि मी जरा पाय पसरले की लगेच, "अगं, बसलीस काय?" असा राग येतो म्हणून सांगू!

पस्तीस वर्षं ह्यांनी लोकांची बिऱ्हाडं हलवली. सामान बांधायचं, ट्रकमध्ये चढवायचं, दुसऱ्या घरी उतरवायचं. गोदामातले लोक ह्यांना ठासोबा म्हणायचे, कारण ट्रक ठासून भरावा तर ह्यांनीच. इतरांना दोन ट्रक लागत, तिथे ह्यांचं एकात भागायचं. आधी जमिनीवर खडूने ट्रकची चौकट आखायची, त्यात पुठ्ठ्याचे तुकडे मांडून बघायचे आणि मगच सामानाला हात लावायचा. "फट राहिली की हलणार, हललं की फुटणार," हे ह्यांचं लाडकं वाक्य. सामानानेच सामानाला धरून ठेवायचं, ही सगळी युक्ती. ह्यांच्या ट्रकमध्ये कधी बशीसुद्धा फुटली नाही, हे मी लग्नापासून हजार वेळा ऐकलंय. घरातल्या बशा कोणी फोडल्या ते मी सांगत नाही.

आमची लेक एकुलती एक, पण तिला मुलं चार. थोरली पाच वर्षांची, मधला तीनचा आणि खाली सात महिन्यांची जुळी. जावई बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. लेकीची बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा कंपनीने तिला विचारलं, दुसऱ्या शाखेत येतेस का? राहायला घर देतो, घराच्या खालीच पाळणाघर आहे. शाखा इथून सहा तासांच्या वाटेवर. सोमवारी सकाळी दहाच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं.

इथेच राहायचं तर एकच मार्ग होता. ती पहाटे कामावर निघणार आणि चारही मुलांना आठच्या आत पाळणाघरात आम्ही पोचवणार. पाळणाघर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, तेव्हा दोन फेऱ्यांचा प्रश्नच नव्हता.

"चौघं एका गाडीत, एका फेरीत, आणि प्रत्येक जण आपापल्या खुर्चीत नीट बांधलेला," लेक म्हणाली. "हे जमलं तर मी राहते, बाबा. नाही जमलं तर जाते. मला रोज जीव टांगणीला लावून कामाला जायचं नाही."

शुक्रवारी संध्याकाळी ती मुलांच्या गाडीतल्या चार खुर्च्या आमच्या बैठकीत ठेवून गेली. जुळ्यांच्या दोन, टोपल्यांसारख्या, त्या उलट्या बसवायच्या, म्हणजे बाळांची तोंडं गाडीच्या मागच्या बाजूला. मधल्याची दणकट, दोन्हीकडे कान असलेली. थोरलीची नुसती उंच बैठक. प्रत्येकीबरोबर एकेक पुस्तिका होती. ह्यांनी चारही पुस्तिका उचलल्या आणि फ्रिजवर ठेवून दिल्या.

"वाचणार नाही का?" मी विचारलं.

"पस्तीस वर्षं," हे म्हणाले. पुढचं वाक्य पुरं करायची त्यांना गरज वाटली नाही.

आमची गाडी जुनी, सात जणांची. पुढे दोघं, मध्ये तिघं, मागे दोघं. चार मुलं आणि आम्ही दोघं मिळून सहा. सातात सहा बसवायला काय डोकं लागतं, असं मलाही वाटलं होतं. पण मागच्या रांगेत जायचं तर मधली दाराकडची सीट पुढे झुकवावी लागते, आणि आमची ती सीट कित्येक वर्षांपूर्वी जी अडकली ती अडकलीच. मागे पिशव्यांशिवाय कधी कोणी बसलंच नव्हतं, मग तिच्याकडे बघतो कोण?

शनिवारी सकाळी मी बैठकीत आले तर फरशीभर खडूच्या रेघा. गाडीची चौकट, चाकांचे उंचवटे, दार, सगळं आखलेलं. हे गुडघ्यावर रांगत पुठ्ठे सरकवत होते. मला म्हणाले, "तू मधला हो." मी बासष्ट वर्षांची बाई, स्टुलावर मधला होऊन बसले. मग मला जुळ्यांपैकी एक केलं. पोळ्या लाटायच्या राहिल्या म्हटलं तर म्हणाले, बाळं बोलत नसतात!

नंतर खरी गाडी. खुर्च्या आत गेल्या, बाहेर आल्या. जुळी खिडक्यांशी, जुळी मागे, मोठी मध्ये, मोठी कडेला. सात प्रकार तरी झाले असतील. दोन वेळा जेवण गरम केलं आणि दोन वेळा ते गार झालं. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून बघत होते. "एक जागा मोकळी सोडा की हो," असं ते म्हणाले मात्र, ह्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते घरात निघून गेले. मोकळी जागा म्हणजे ह्यांच्या लेखी आळशीपणा.

चारच्या सुमाराला ह्यांना हवं ते सापडलं. मधल्या रांगेत तीन खुर्च्या एकमेकींना घट्ट भिडवून, दोन कडांना जुळी आणि बरोब्बर मध्ये मधला. ज्या काही फटी राहिल्या त्यांत बांधाबांधीची जुनी कांबळी घडी करून कोंबली. सरकतं दार दोन बोटं उघडं राहत होतं, त्याला गुडघा लावून दाबलं, तेव्हा ते धाडकन लागलं. मागे थोरली आणि तिच्या शेजारी मी.

"आणि मी मागे जाणार कशी?"

"डिकीतून."

"अहो, मी काय ट्रंक आहे?"

"होईल गं सवय," हे म्हणाले. चेहरा असा उजळला होता की मला पुढे भांडवेना.

रविवारी दहाला लेक मुलांना घेऊन आली. तिने एकेक खुर्ची धरून गदागदा हलवली. एक तसूभर हलेल तर शपथ! गेले कित्येक दिवस तिच्या कपाळावर आठी होती, ती गेली. "बाबा, खरंच बसवल्यात की!" ती हसून म्हणाली. मी मनातल्या मनात त्यांचं घर इथेच राहिलं असं धरून चालले.

मग एक चक्कर मारून यायचं ठरलं. मुलांना बांधलं, मी डिकीतून चढले, गुडघा खरचटला. लेक पुढे बसली. आता खरं सांगते, बिस्किट मी दिलं. मधला रडायला लागला म्हणून मागून हात लांब करून त्याच्या मुठीत ठेवलं. देताना फक्त त्याचा हात दिसत होता.

दुसऱ्या वळणावर त्याला ठसका लागला. आधी साधा, मग आवाजच येईना. मला मागून त्याचं डोकं दिसत होतं आणि एक कान, तो लालभडक झाला होता. "अहो, थांबवा! पोराला काढा!" मी ओरडले.

ह्यांनी गाडी कडेला घेतली, सरकतं दार उघडलं, तर समोर जुळ्यातल्या एकाची टोपली. तिच्यावरून वाकून हात घातला, तो मधल्याच्या खांद्यापर्यंत पोचला. बक्कल खाली, दोन खुर्च्यांच्या मध्ये, कांबळ्याच्या घडीखाली. ह्यांनी कांबळं ओढलं. ते निघेना. स्वतःच कोंबलेलं, निघणार कसं? धावत दुसऱ्या दाराला गेले, तिथेही तेच. मी मागे अडकलेली, सीटच्या पाठीवर बुक्क्या मारत होते. शेवटी लेकीने पुढच्या दोन सीटमधून अंग पिळून स्वतःला आत घातलं, त्याची मान पुढे वाकवली, तोंडात बोट घातलं. ओला तुकडा बाहेर पडला. मग जे काही भोकाड पसरलं त्याने! रडणं इतकं गोड मला कधी वाटलं नव्हतं.

गाडी तशीच घरी आणली. लेकीने एकेकाला बाहेर काढलं. मधल्याला सोडवायला आधी एक टोपली काढावी लागली, तीही थोरली मागून "मला शू लागली" म्हणून ओरडत असताना.

"बाबा," ती म्हणाली, "उद्यापासून पुढच्या सीटवर मी नसणार."

"कांबळी काढतो. थोडं सैल केलं की..."

"लहानपणी तुम्ही मला ट्रकमध्ये न्यायचात, आठवतं?"

न आठवायला काय झालं? ही तर ह्यांची पाहुण्यांना सांगायची गोष्ट. मी तेव्हा सारखी आजारी, घरात सांभाळायला कोणी नाही, म्हणून चार वर्षांच्या पोरीला ट्रकमध्ये दोन गाद्यांच्या मध्ये ठेवलं आणि पोरीला एक धक्का लागला नाही. इतकी निवांत झोपली म्हणे!

"मी झोपायचे नाही," लेक म्हणाली. "मला तिथून बाहेर येता यायचं नाही. हाक मारायचे, पण इंजिनाच्या आवाजात तुम्हाला ऐकू जायची नाही. मग डोळे मिटून पडून राहायचे."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश असायचात, बाबा." तिने जुळ्यांना उचललं. "मी उद्या कंपनीला हो कळवते. रागावून नाही सांगत."

ती गेली आणि हे पायरीवर बसले. बसले ते बसलेच. अर्धा तास झाला, तास झाला. तीन वर्षं ज्याच्यासाठी मी डोकं फोडत होते ते झालं, आणि माझ्याच्याने बघवेना. मी दोनदा आत-बाहेर केलं, नळ ठिबकतोय असं खोटंच सांगितलं. शेवटी म्हटलं, "अहो, उठा हो. मला भीती वाटते तुम्ही असं बसलात की."

उठले ते थेट फ्रिजकडे. चारही पुस्तिका काढल्या, चष्मा लावला आणि ओळन्‌ओळ वाचली. प्रत्येक खुर्ची तिच्या तिच्या पट्ट्याने ओढून बांधायची, दुसरीच्या आधारावर ठेवायची नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. मग मला विचारलं, "नव्या घरी पोचल्या पोचल्या जे लागतं, ते सामान मी ट्रकमध्ये कुठे ठेवायचो?"

"दाराशी. अंथरुणं, चहाची भांडी, औषधं. जायला गल्ली मोकळी सोडून, हाताशी लागेल असं."

"मग पोरं मी तळाला का घातली?"

ह्यांनी पाना शोधला, तेलाची बाटली शोधली आणि गाडीत शिरले. दाराकडची ती अडकलेली सीट चार बोल्टवर होती, चारही गंजलेले. संध्याकाळ पडेपर्यंत धुसफूस आणि ठोकाठोक ऐकू येत होती. सीट निघाली तेव्हा एका बाजूने मी धरली, आणि आम्ही ती बैठकीत आणून ठेवली.

"फट राहिली की हो," मी म्हटलं.

"राहू दे."

सोमवारी नऊला लेक आली, हातात फोन, मुलं मागे. आत यायचंसुद्धा तिच्या मनात नव्हतं. ह्यांनी तिला राहा म्हटलं नाही, जाऊ नको म्हटलं नाही. "एकदा मुलांना बसवून बघ. मग कर फोन," एवढंच म्हणाले आणि दार सरकवलं.

दारापासून मागच्या रांगेपर्यंत माणूस जाईल एवढी वाट मोकळी होती. तिच्या बाजूला जुळी, मागे थोरली आणि मधला. एकही खुर्ची दुसरीला टेकत नव्हती. माझी जागा पुढच्या सीटवर, दार उघडलं की दोन पावलांत आत. लेकीने सगळ्यांना बांधलं, खुर्च्या हलवून बघितल्या, पट्टे ओढून बघितले. मग काही न सांगता मधल्याचं बक्कल दाबलं. खट्‌ झालं आणि पोरगा तिच्या कडेवर. पुन्हा बांधला. थोरलीने स्वतःच स्वतःला सोडवलं आणि त्या मोकळ्या जागेत नाच केला. हे गाडीभोवती तिसरी फेरी मारत होते. "एका जागी उभे राहा," मी दटावलं, तर माझ्याभोवती फिरायला लागले.

लेक गाडीच्या जमिनीवर, सीट काढलेल्या जागेत, गुडघे पोटाशी घेऊन बसली. तिथून तिने चौघांनाही हात लावून बघितला. पावणेदहा झाले होते.

"बाबा, दार लावा. आणि गाडी चालू करा."

ह्यांनी दार लावलं, पुढे बसून किल्ली फिरवली. आमच्या गाडीचं इंजिन म्हणजे गिरणीच. मी बाहेर उभी, मला आतलं काही ऐकू येईना. हे मात्र झटकन मागे वळले आणि इंजिन बंद केलं. मी दार उघडलं.

"काय गं?" हे विचारत होते. "काय झालं? काय हवंय?"

"काही नाही," लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "ऐकू येतं का, ते बघत होते."

दहाला पाच कमी असताना तिने तिथेच बसून फोन लावला. हे तोवर खाली उतरून गाडीखाली वाकले होते, पाना घेऊन उरलेल्या सीटांचे बोल्ट तपासत. "नाही, मला नाही जमणार यायला. मी इथेच राहतेय," ती फोनवर म्हणाली. मी वाकून ह्यांना सांगायला गेले, तर ह्यांनी पाना बाजूला ठेवला आणि तिथेच, मातीत, बसून राहिले.

"ऐकलं मी," हे म्हणाले.